पहिल्याच भेटीत सांगा : मधुमेहावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाला मधुमेह निघाला. वय ४१. कामाच्या ठिकाणच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटीची साखर १६८ आली आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, ७.९. डॉक्टरांनी त्याला नीट तपासले, गोळी लिहून दिली, पथ्याचा छापील कागद दिला आणि निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरायचं काही कारण नाही. आता ही आयुष्यभराची सोबत आहे, जुळवून घ्यायचं."

मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. हेच वाक्य मी १४ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात, दुसऱ्या डॉक्टरांकडून, जवळजवळ याच शब्दांत ऐकले होते. तेव्हा रुग्णाच्या खुर्चीवर मी होते. दोन्ही डॉक्टर मायेने बोलत होते आणि दोघांनी दिलेली औषधे योग्यच होती. तक्रार उपचारांबद्दल नाही, त्या वाक्याबद्दल आहे. १४ वर्षांपूर्वी ते वाक्य बोलणाऱ्याला मी दोष देत नाही, कारण त्या काळी बहुतेक सगळेच तसे मानत होते. आज मात्र ते अपुरे आहे, कारण टाइप २ मधुमेह (प्रौढांना बहुधा होतो तो प्रकार) पहिल्या काही वर्षांत वजन उतरवून ओसरू शकतो हे आता दिसले आहे, आणि पुढे ज्यांची भरपाई करता येत नाही अशी काही वर्षे रुग्ण त्यापायी गमावतो. माझी गेली. भावाची जाऊ नयेत म्हणून हे पत्र.

मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या आजाराविषयीचे शोधनिबंध मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचले आहेत, पुन्हा पुन्हा वाचले आहेत. त्यातले जे मला नीट कळले आहे, तेवढेच इथे लिहिते.

"आयुष्यभराची सोबत" हे वाक्य कुठून आले, ते आधी सांगायला हवे, कारण ते हवेतून आलेले नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. नुकताच टाइप २ मधुमेह निघालेले ५,००० हून अधिक रुग्ण त्यात होते आणि त्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. साखर आटोक्यात ठेवली तर डोळ्यांचे आणि मूत्रपिंडांचे नुकसान कमी होते, हे या अभ्यासाने दाखवून दिले. आज माझे डोळे शाबूत आहेत याचे बरेचसे श्रेय त्या कामाला आहे. पण त्याच अभ्यासात दुसरीही एक गोष्ट दिसली. औषध कोणतेही असो, वर्षे सरत गेली तशी साखर चढतच गेली. निदान होते त्या वेळीच इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींचे काम साधारण निम्म्यावर आलेले असते आणि पुढे ते घटतच जाते, असा आलेख निघाला. त्यावरून सगळ्यांनी अर्थ काढला की हा आजार एकाच दिशेने चालतो. आधी एक गोळी, मग दोन, मग तीन, मग इन्सुलिन. त्या आकड्यांवरून दुसरा अर्थ काढणे तेव्हा अवघडच होते. फक्त एक गोष्ट बाजूला राहिली: त्या सगळ्या वर्षांत त्या रुग्णांचे वजनही वाढत गेले होते.

ज्यांच्या कामाबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे ते रॉय टेलर हे ब्रिटनमधल्या न्यूकासल विद्यापीठातले प्राध्यापक. चुंबकीय अनुनादाच्या यंत्राने, म्हणजे आपण ज्याला एमआरआय म्हणतो त्या तंत्राने, जिवंत माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात काय साठले आहे ते कुठेही छेद न घेता मोजायचे, हे त्यांचे कौशल्य. जेवल्यानंतर साखर कुठे जाते, हा प्रश्न त्यांनी अनेक वर्षे धरून ठेवला होता. त्यांच्यासमोर एक कोडे होते आणि ते आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले असेल. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेही रुग्णाची साखर काही दिवसांतच उतरते. वजन फारसे उतरलेले नसते, तरीही. बहुतेक तज्ज्ञांचे बोट तेव्हा आतड्यातल्या संप्रेरकांकडे होते. आतड्याची वाट बदलली, म्हणून संप्रेरके बदलली, म्हणून साखर उतरली, असा तर्क. टेलर यांना त्याहून साधी शक्यता दिसली. अशा शस्त्रक्रियेनंतर माणूस कित्येक दिवस जवळजवळ काही खातच नाही. साखर त्यामुळेच उतरत असेल तर?

त्यांचा तर्क २००८ साली प्रसिद्ध झाला. आपण तो वाचला असेल. तरी मला तो जसा समजला तसा सांगते, कारण माझ्या स्वतःच्या शरीराचा नकाशा मला पहिल्यांदा कुणी उलगडून दाखवला तो त्या पानांनी.

गरजेपेक्षा जास्त खाल्लेले अन्न वर्षानुवर्षे साठत जाते. कातडीखालची जागा भरली की चरबी नको तिथे, यकृतात, शिरते. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते. रात्रभर आपण उपाशी असतो तेव्हा रक्तात साखर सोडण्याचे काम यकृतच करते, आणि ती किती सोडायची याला लगाम इन्सुलिनचा. लगाम सैल पडला की सकाळची उपाशीपोटीची साखर वाढते. ती उतरवायला स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते. पण जास्तीचे इन्सुलिन यकृताला आणखी चरबी बनवायला लावते. हे झाले पहिले चक्र. यकृतात मावत नाही ती चरबी रक्तातून बाहेर पडते आणि तिच्यातली काही स्वादुपिंडात जाऊन बसते. तिथल्या बीटा पेशी त्या चरबीत गुदमरतात आणि जेवणानंतर त्यांनी जे इन्सुलिन झटकन सोडायला हवे ते सुटत नाही. साखर आणखी चढते, यकृत आणखी बिघडते. हे दुसरे चक्र, आणि दोन्ही एकमेकांना फिरवत राहतात. टेलर यांचे म्हणणे असे की यकृतातली चरबी बाहेर काढली तर दोन्ही चक्रे उलटी फिरायला हवीत.

मग त्यांनी ते करून पाहिले. फक्त ११ रुग्ण घेतले. ८ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरी: द्रवरूप आहार आणि पिष्टमय नसलेल्या भाज्या. शस्त्रक्रिया नाही, नवे औषध नाही. पहिल्या ७ दिवसांत त्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी १६६ वरून १०६ वर आली. त्याच आठवड्यात यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली आणि यकृत पुन्हा इन्सुलिनचे ऐकू लागले. स्वादुपिंडाला वेळ लागला. तिथली चरबी हळूहळू ओसरत गेली आणि ८ आठवड्यांच्या शेवटी जेवणानंतरचा इन्सुलिनचा पहिला झोत परत आला. कायमच्या गेल्या असे ज्या पेशींबद्दल मानले जात होते, त्या कामावर परत आल्या. हा निबंध २०११ साली आला. पुढे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर केलेल्या आणखी एका अभ्यासात स्वादुपिंडातून किती चरबी गेल्यावर हा फरक पडतो ते मोजले गेले: सुमारे ०.६ ग्रॅम. हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. एका ग्रॅमहूनही कमी.

खरे तर याची चाहूल फार जुनी आहे. १८७० साली पॅरिसला वेढा पडला आणि शहरात अन्न मिळेना, तेव्हा अपोलिनेर बुशार्दा या फ्रेंच डॉक्टरांच्या लक्षात आले की त्यांच्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर कमी होते आहे. इन्सुलिनचा शोध लागायला अजून ५० वर्षे होती. नजर होती, यंत्र नव्हते. टेलर यांनी त्या नजरेला मोजमाप दिले.

आता डायरेक्ट या चाचणीकडे येते, कारण माझी विनंती तिच्यावर उभी आहे. टेलर आणि ग्लासगोचे प्राध्यापक माइक लीन यांनी ती मिळून केली. ११ जणांवर जे दिसले ते साध्या दवाखान्यांत जमते का, हे त्यांना पाहायचे होते. त्यामुळे मोठ्या संशोधन रुग्णालयाऐवजी त्यांनी स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधले ४९ फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने निवडले. ३०६ रुग्ण. निदान होऊन ६ वर्षांहून जास्त काळ न झालेले, इन्सुलिन न घेणारे. निम्म्यांना नेहमीचे चांगले उपचार मिळाले. उरलेल्यांची साखरेची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी थांबवली, ३ ते ५ महिने नेहमीच्या जेवणाऐवजी दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरींचा पूर्ण पर्यायी आहार (शेक, सूप) दिला, मग नेहमीचे अन्न टप्प्याटप्प्याने परत आणले आणि पुढे नियमित भेटी ठेवल्या. हे सगळे सांभाळले ते त्याच दवाखान्यांतल्या परिचारिकांनी आणि आहारतज्ज्ञांनी.

एका वर्षाने पर्यायी आहाराच्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. नेहमीच्या उपचारांच्या गटात हेच प्रमाण ४ टक्के होते. दोन वर्षांनी ते ३६ आणि ३ टक्के झाले.

डॉक्टर, त्या ४ टक्क्यांपाशी जरा थांबा. तो आपण देतो तोच उपचार आहे: गोळी, पथ्याचा कागद, "चालत जा" हा सल्ला, तीन महिन्यांनी तपासणी. आपण म्हणता मधुमेह ओसरलेला आपण कधी पाहिला नाही, आणि ते खरेच आहे. दिसेल अशी व्यवस्था कुणी केलेलीच नव्हती.

वजनानुसार पाहिले तर चित्र आणखी स्वच्छ होते. पहिल्या वर्षी ज्यांचे १५ किलो किंवा जास्त उतरले, त्यांच्यातल्या ८६ टक्के लोकांचा मधुमेह ओसरला. १० ते १५ किलो उतरलेल्यांत ५७ टक्के. ५ ते १० किलो उतरलेल्यांत ३४ टक्के. वजन उलट वाढलेल्यांत एकाचाही नाही. वैद्यकशास्त्रात इतकी सरळ पायऱ्यांची शिडी क्वचितच पाहायला मिळत असेल.

पुढचा आकडाही लिहिते, नाहीतर आपण माझे बाकीचे वाचणार नाही. ज्यांचा पाठपुरावा पुढे चालू राहिला त्या गटात पाच वर्षांनी १३ टक्के लोक मधुमेहाबाहेर होते. वजन परत चढले तसा आजारही परतला. हा आकडा पाहून "बघा, टिकत नाही" असे म्हणता येते, आणि मी डॉक्टरांना तसे म्हणताना ऐकलेही आहे. मी तो रुग्णाच्या खुर्चीवरून वाचते. दोन वर्षे जरी रक्तातली साखर वाढलेली नसली तरी ती दोन वर्षे माझ्या डोळ्यांची, मूत्रपिंडांची, पायांतल्या नसांची आहेत. आणि वजन टिकवणे हे एकट्या रुग्णाचे काम समजून आपण त्याला सोडून दिले, तर ते का टिकत नाही याचे उत्तर त्यातच आहे. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब वाढला तर गोळी निरुपयोगी होती असे आपण म्हणत नाही.

आता माझे सांगते. निदान झाले तेव्हा माझे वय ३८ होते. मी सांगितलेले सगळे केले. गोळ्या चुकवल्या नाहीत. तरी तीन वर्षांत दुसरी गोळी आली, सहाव्या वर्षी तिसरी. प्रत्येक वेळी मला वाटे, माझे काहीतरी चुकते आहे. डॉक्टर म्हणत, "तुमचं काही चुकत नाही, हा आजारच असा आहे." त्या शब्दांनी धीर आला, आणि त्याच शब्दांनी माझे हात बांधले. नवव्या वर्षी डायरेक्टविषयी वाचले. माझ्या तेव्हाच्या डॉक्टरांकडे तो निबंध छापून घेऊन गेले. त्यांनी तो ठेवून घेतला, आठवड्याने मला बोलावले आणि म्हणाले, "चला, करून पाहू. पण माझ्या नजरेसमोर." मी त्यांची ऋणी आहे. चार महिन्यांत माझे ११ किलो उतरले. तीनपैकी दोन गोळ्या थांबल्या. तिसरी थांबवली की साखर पुन्हा वर जाते. माझा मधुमेह ओसरला नाही, थोडा मागे हटला.

असे का, याचेही उत्तर टेलर यांच्याच कामात मिळाले. त्यांनी निदान होऊन ४ वर्षांहून कमी काळ झालेले आणि ८ वर्षांहून जास्त काळ झालेले, असे दोन गट एकत्र अभ्यासले. ८ आठवड्यांत दोन्ही गटांचे वजन साधारण सारखेच उतरले. उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीखाली आली ती पहिल्या गटात ८७ टक्के लोकांची, दुसऱ्या गटात ५० टक्के लोकांची. बीटा पेशी फार काळ चरबीत आणि साखरेत बुडून राहिल्या की त्यांचे परत येणे अवघड होत जाते. मी नवव्या वर्षी पोहोचले होते. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी मला कुणी सांगितले असते तर काय झाले असते, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण निवड करायला माझ्याकडे काही असते.

भावाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तो बारीक आहे. डॉक्टर त्याला म्हणाले, "तुम्ही तर सडपातळच आहात, तुमचं आनुवंशिक दिसतंय, वजनाचा प्रश्न नाही." बारीक दिसणाऱ्या रुग्णाला वजन उतरवायला सांगणे विचित्र वाटते, हे मला समजते. पण टेलर आणि ऑक्सफर्डचे प्राध्यापक रुरी होलमन यांनी २०१५ साली मांडलेली कल्पना हीच आहे: प्रत्येक शरीराची चरबी सुरक्षित साठवण्याची आपापली मर्यादा असते. कुणाची १०० किलोंवर ओलांडली जाते, कुणाची ६५ वर. तराजूवरचा आकडा इतरांच्या तुलनेत कमी असला म्हणून तो त्या शरीराला कमी असतो असे नाही. मग रीट्यून या अभ्यासात त्यांनी साधारण सडपातळ, म्हणजे सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४.८ असलेले २० रुग्ण घेतले. त्यांच्यापैकी १४ जणांचा मधुमेह ओसरला, आणि त्यासाठी मूळ वजनाच्या सरासरी ६.५ टक्केच उतरवावे लागले. हे २०२३ साली प्रसिद्ध झाले. २० हा आकडा लहान आहे, मला कळते. पण "वजनाचा प्रश्न नाही" हे भावाला ठामपणे सांगण्याइतका आधार आता उरलेला नाही.

आपल्या मनात येणाऱ्या शंका मी ओळखते, कारण त्यांतल्या बऱ्याच मी समोरासमोर ऐकल्या आहेत.

पहिली, आणि सगळ्यांत खरी: रुग्णाला असे सांगितले तर तो घरी जाऊन स्वतःच गोळ्या बंद करील. ही भीती रास्त आहे. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असताना कुणी कॅलरी निम्म्याहून कमी केल्या तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या चालू असताना पिष्टमय अन्न बंद केले तर रक्तात आम्ल साठू शकते, आणि तेही साखर फारशी वाढलेली न दिसता. डोळ्यांच्या पडद्यावर आधीच दोष असेल तर साखर झपाट्याने उतरल्यावर तो काही काळ वाढू शकतो, म्हणून आधी डोळे तपासायला हवेत. वजन वेगाने उतरले की पित्ताशयात खडे होऊ शकतात. टाइप १ च्या, म्हणजे ज्याचे शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा, रुग्णाने इन्सुलिन थांबवणे म्हणजे जिवाशी खेळ, आणि प्रौढ वयात हळूहळू उद्भवणारा तसाच मधुमेह टाइप २ समजला जाण्याची चूकही होते. ही सगळी कारणे मला उलट दिशेला नेतात. हे इतके नाजूक आहे म्हणूनच ते रुग्णाने आपल्याकडून ऐकायला हवे. आपण गप्प राहिलात म्हणून रुग्ण अंधारात राहत नाही. तो बाहेर शोधतो, आणि बाहेर त्याला "मधुमेह मुळापासून बरा" करून देणारे भेटतात. ते त्याची गोळी पहिल्या दिवशी बंद करतात, डोळे तपासत नाहीत, आणि बिघडले तर त्यांचा फोन लागत नाही. खरी गोष्ट खऱ्या माणसाने सांगितली नाही, तर अर्धीमुर्धी गोष्ट खोटा माणूस सांगतो.

दुसरी शंका: जमले नाही तर रुग्ण स्वतःला अपराधी मानील. मी त्याच जागी आहे, त्यामुळे अधिकाराने सांगते. माझा मधुमेह ओसरला नाही याचे मला दुःख आहे, अपराधी वाटत नाही. अपराधी मला आधीच्या नऊ वर्षांत वाटत होते, जेव्हा सगळे नियम पाळूनही गोळ्या वाढत होत्या आणि का वाढतात ते कुणी सांगत नव्हते. कारण कळले की माणूस स्वतःला कमी बोलतो.

तिसरी, "कुणी करत नाही हो, लोकांना गोळीच हवी असते." २०११ च्या निबंधाची बातमी पसरल्यावर टेलर यांना लोकांची पत्रे आणि मेल यायला लागले. बातमी वाचून, आपापल्या डॉक्टरांशी बोलून, घरच्या घरी त्यांनी तसाच आहार पाळला होता आणि आपले वजन आणि साखरेचे आकडे ते कळवत होते. त्यावर त्यांनी २०१३ साली एक छोटा निबंधच लिहिला. कळवणारे बहुतेक यशस्वी झालेलेच असणार, त्यामुळे त्या आकड्यांवर मी जोर देत नाही. पण माहिती मिळाल्याबरोबर इतकी माणसे उठून कामाला लागली, एवढे तर त्यातून दिसतेच. प्रत्येक रुग्ण लागणार नाही. कोण लागेल हे न विचारता आपण कसे ठरवणार?

नव्या इंजेक्शनांविषयी थोडक्यात. सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड यांनी वजन खरोखर उतरते आणि साखरही, आणि ज्यांना त्यांची गरज आहे त्यांनी ती घ्यावीत. ती थांबवली की वजनाचा मोठा भाग परत येतो, हेही दिसले आहे. माझ्या दृष्टीने ती टेलर यांच्या म्हणण्याला पुष्टीच देतात. मार्ग कोणताही असो, नको त्या जागची चरबी निघाली की आजार मागे हटतो.

शब्दांबद्दल एक विनंती. "बरा झाला" म्हणू नका, "मुक्त झाला" म्हणू नका. २०२१ साली अमेरिका आणि युरोपातल्या मधुमेह संघटनांनी मिळून "रिमिशन" हा शब्द ठरवला आणि त्याची व्याख्याही केली: साखरेची सगळी औषधे थांबवून किमान तीन महिने झालेले असावेत आणि एचबीएवनसी ६.५ च्या खाली असावे. मराठीत मला त्यासाठी "ओसरणे" हा शब्द जवळचा वाटतो. ताप ओसरतो, पूर ओसरतो. ओसरलेले परत येऊ शकते हे त्या शब्दातच आहे, त्यामुळे वर्षातून एकदा डोळे, पाय, मूत्रपिंडे तपासत राहायचे हेही समजावून सांगणे सोपे जाते. आणि ओसरला असेल तर फाईलवर तसे लिहा. फाईलवर जन्मभर "मधुमेही" असेच राहिले तर रुग्णाने काय मिळवले ते त्यालाही दिसत नाही.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२० पासून हा कार्यक्रम आधी काही भागांत आणि मग देशभर चालू केला. म्हणजे ही कुणा एका प्राध्यापकाची हौस राहिलेली नाही. पण कार्यक्रम, यंत्रणा, निधी यांची वाट पाहा असे मी म्हणत नाही. मला हवे आहे ते एका भेटीत मावते. नव्या रुग्णाला निदान सांगताना साधारण असे काही बोला:

"तुम्हाला टाइप २ मधुमेह आहे. पहिल्या काही वर्षांत तो ओसरू शकतो. त्यासाठी वजन बरेच उतरवावे लागते, साधारण १० ते १५ किलो, आणि तुम्ही बारीक असाल तर त्याहून कमी. सगळ्यांना जमत नाही, आणि जमले तरी टिकवणे अवघड असते. करायचे असेल तर आपण मिळून करू. औषधे कधी थांबवायची ते मी सांगेन, तुम्ही स्वतः थांबवायची नाहीत. आत्ता नको असेल तरी हरकत नाही, गोळ्यांनीही आपण साखर चांगली ठेवू. विचार करा आणि पुढच्या भेटीत सांगा."

मी हे घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहिले. सावकाश वाचूनही एक मिनिट लागत नाही. "आयुष्यभराची सोबत" याला चार सेकंद लागतात. आपल्या बाहेर किती रुग्ण ताटकळत बसलेले असतात हे मी १४ वर्षे त्याच बाकावर बसून पाहिले आहे, म्हणून सेकंद मोजले.

पुढच्या आठवड्यात भावाची दुसरी भेट आहे. मी बरोबर जाणार आहे. त्याच्या डॉक्टरांचे नाव मी इथे लिहिलेले नाही आणि लिहिणारही नाही. ते चांगले डॉक्टर आहेत, भावाचा त्यांच्यावर विश्वास आहे, आणि हे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचले तर त्यांनी ते आपल्याविरुद्धचे समजू नये. त्याची फाईल काल मी चाळली. पहिल्या पानावर रक्तदाब आहे, साखर आहे, एचबीएवनसी आहे, गोळीचे नाव आणि वेळ आहे. वजनाच्या पुढची रेघ कोरी आहे. त्या दिवशी आत गेल्यावर आधी तेवढे लिहून घ्या.

आपली नम्र,
एक मधुमेही रुग्ण आणि एका नव्या रुग्णाची बहीण